शेळीच्या पाठीवर शाळेचा खर्च

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. अंड्यामागे ५ रुपये, आणि जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं. २०२५ च्या जानेवारीत तोच निधी बंद झाला. अंडी द्यायचीच असतील तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. सरकारचे वर्षाकाठी ५० कोटींच्या आसपास रुपये वाचले. तेव्हापासून एक सल्ला सारखा कानावर येतो: मग शाळेनंच कोंबड्या पाळाव्यात की! परसबाग आहेच, तिच्या कडेला एक खुराडं उभं राहायला किती वेळ लागतो? आणि कोंबड्या झाल्या की पाच-दहा शेळ्या का नकोत? बोकड विकून वीजबिल भागेल, गळके पत्रे बदलता येतील, एखाद्या मानधनावरच्या शिक्षकाचीही सोय होईल.

यावर वाद सुरू झाला की लगेच दोन तट पडतात. एका तटावर श्रमप्रतिष्ठा, गांधीजी, कर्मवीर आणि ‘आमच्या वेळी आम्हीही शेण काढलंय’ असं सांगणारी मंडळी. दुसऱ्या तटावर ‘मुलं शाळेत शिकायला येतात, लेंड्या गोळा करायला नाही’ असं ठणकावणारी. दोघांचाही आवाज मोठा आहे आणि दोघांपैकी कुणीही जमाखर्चाची वही उघडलेली नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. शाळेत शेळ्या-कोंबड्या असायला माझी हरकत नाही. उलट ग्रामीण शाळेत त्या असाव्यात असंच मला वाटतं. पण शाळेचा खर्च त्यांच्यावर टाकायला माझा पूर्ण विरोध आहे. शेळी शाळेत शिकवू शकते, थोडंफार खाऊ घालू शकते. शाळा पोसणं तिच्या आवाक्यातलं नाही, आणि ते तिच्याकडून करवून घ्यायला गेलं की त्याची किंमत मुलं मोजतात.

आधी पहिल्या तटाचं जे खरं आहे ते मान्य करू. दावणीला बांधलेली एक गाभण उस्मानाबादी शेळी म्हणजे किती विषयांचा तास असतो! पाच महिन्यांचा गाभणकाळ कॅलेंडरवर मोजायचा. जुळी करडं झाली तर दर आठवड्याला दोघांची वजनं घ्यायची, आलेख काढायचा, एक मागे का पडलं ते शोधायचं. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडाशी का द्यायची, पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) साथ एका कळपातून दुसऱ्यात कशी जाते, जंतनाशक वजनावर का ठरतं, हे सगळं पाठ्यपुस्तकातल्या चित्रापेक्षा कितीतरी घट्ट मनात बसतं. सुबाभूळ किती घालायचा आणि किती झाला की तो बाधतो, हे विचारणारं पोर रसायनशास्त्राच्या दारात उभं असतं, फक्त त्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विश्वासावर. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तिथं जो अभ्यासक्रम घडला, त्यात कार्यशाळा, ऊर्जा आणि आरोग्याच्या बरोबरीनं शेती-पशुपालन होतं. मुलांनी गावाला खरी सेवा द्यायची, खरी वस्तू बनवायची, तिचा खर्च काढायचा आणि ते करताना शिकायचं. हाताला काम मिळालं की डोकंही चालतं, याचा पुरावा महाराष्ट्राला बाहेरून आणावा लागत नाही.

त्याहून वजनदार मुद्दा स्वातंत्र्याचा आहे. स्वतःचं उत्पन्न असलेल्या संस्थेला मान वर करून बोलता येतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राबत, एकत्र जेवत, आपल्या अन्नाचा भार कष्टानं उचलत. १९४० च्या महाराजा सयाजीराव विद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व शाळेच्या पायातच घातलं गेलं. पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबई सरकारची भाऊरावांवर खप्पामर्जी झाली आणि संस्थेचं अनुदान थांबलं, तेव्हा संस्था कोसळली नाही. लोकांनी ती सावरली. सरकारच्या दारात हात पसरून बसलेली संस्था त्या तडाख्यात उरली असती का? हा मुद्दा मी सहजासहजी बाजूला सारू शकत नाही. फक्त गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. लोकांनी पैसे जमवले म्हणून अनुदानावरचा हक्क कुणी सोडून दिला नाही. जनमताचा रेटा लावून ते परत मिळवण्यात आलं. आणि भाऊरावांच्या व्यवस्थेत मूल राबत होतं ते स्वतःच्या शिक्षणासाठी, स्वतःच्या ताटासाठी. सरकारच्या अंदाजपत्रकातली तूट भरून काढायला नव्हे. आज त्यांचं नाव घेऊन जे सांगितलं जातं, त्यात हा फरक सफाईनं पुसला जातो.

आता वही उघडू. साठ मुलांची शाळा घ्या. आठवड्याला एक अंडं, शाळेचे चाळीस आठवडे, म्हणजे २,४०० अंडी. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. गिरिराज, वनराजसारखी सुधारित जात नीट सांभाळली तर शंभर-सव्वाशेपर्यंत जाते. पंचवीस सुधारित कोंबड्या धरल्या तर वर्षाला ३,००० अंडी होतील. त्यातली मे महिन्यातली, दिवाळीतली अंडी मुलांच्या ताटात पडणार नाहीत, ती विकावी लागतील. तरी हिशेब जमतो. आता खाद्य. कोंबडीला दिवसाला १०० ग्रॅम धरा. पंचवीस कोंबड्यांना वर्षाला ९०० किलोंच्या वर लागतं. किलोला ३० रुपये धरले तर २७,००० रुपये. म्हणजे नुसत्या खाद्याचा खर्च अंड्यामागे ९ रुपये, आणि त्यात पिल्लांची किंमत, मानमोडीची लस, मुंगसानं नेलेल्या दोन-चार तलंगा अजून आलेल्या नाहीत. कोंबड्या मोकळ्या सोडल्या, त्यांनी निम्मं पोट उकिरड्यावर भरलं, शाळेच्या स्वयंपाकातला उरलासुरला भात टिपला, तर अंडं साडेचार-पाच रुपयांवर येईल. सरकार जे ५ रुपये देत होतं, तितकेच. म्हणजे फुकट अंडं कुठंच नाही. आधी जे पैसे मुंबईहून येत होते ते आता गावातून येणार, आणि वर कोंबड्या कोंडायचं काम, एवढाच काय तो बदल.

शेळ्यांचं गणित कागदावर जास्त गोड दिसतं. दहा शेळ्या आणि एक बोकड हा गट सरकारी योजनांमुळे सगळ्यांना तोंडपाठ आहे. दोन वर्षांत तीन वेत, वेताला सरासरी दीड करडू, थोडी मरतूक, थोड्या पाटी (तरण्या माद्या) कळपात ठेवायच्या. वर्षाला पंधरा-सोळा जनावरं विकायला निघतील. सरासरी ६,००० रुपये पकडा, ९०,००० च्या पुढे रक्कम जाते. सल्ला देणारा इथं थांबतो आणि टाळी घेतो. आपण पुढे जाऊ. अकरा मोठ्या जनावरांना रोज पाव किलो खुराक म्हणजे वर्षाला टनभर, पुन्हा तीसेक हजार. करडांचा खुराक, औषधं, विमा, उन्हाळ्यातला विकतचा चारा, शेडची दुरुस्ती. आणि मग उरतो तो माणूस, जो सकाळी त्यांना चरायला नेतो, संध्याकाळी आणतो, रात्री बिबट्याच्या भीतीनं दार लावतो, रविवारी आणि सुटीतही येतो. त्याला महिन्याला अवघे ५,००० रुपये दिले तरी वर्षाचे ६०,००० झाले. वहीत शिल्लक काय राहिली? शून्याच्या अलीकडे-पलीकडे काहीतरी. शेळीपालनावर घर चालवणाऱ्या बाईला विचारा. ती तुम्हाला सांगेल की तिचा नफा म्हणजे तिची न घेतलेली मजुरी आहे.

माझ्या मते हाच या वादाचा गाभा आहे, आणि दोन्ही तट त्याला वळसा घालून जातात. शाळेच्या शेळ्यांनी नफा दाखवला तर तो कुठून आला हे विचारलंच पाहिजे. गुराख्याची मजुरी वहीत नसेल, तर ते काम कुणीतरी फुकट केलेलं असतं. कुणी? मुख्याध्यापक तर करणार नाहीत. चारा विकत घेतलेला नसेल, तर तो गायरानातून आलेला असतो, आणि त्या गायरानावर गावातल्या भूमिहीन बाईच्या चार शेळ्या आधीपासून चरत असतात. शाळेचा कळप म्हणजे सार्वजनिक काम, त्याला कोण हटकणार? हटकलं जाईल ते तिला. आजवर ‘गरिबाची गाय’ म्हणून जिचं कौतुक झालं, तीच शाळेच्या दावणीला आली की गरिबाच्या चाऱ्यात वाटेकरी होते.

हा वाद आपल्याकडे एकदा फार मोठ्या माणसांत होऊन गेला आहे, म्हणून त्याची आठवण काढायची. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. दारूबंदी करायची होती, आणि शिक्षणाचा खर्च बऱ्याच अंशी दारूच्या महसुलावर चाललेला. दारू बंद केली तर शाळा कशावर चालवायच्या? गांधीजींचं उत्तर होतं स्वावलंबी शिक्षण. त्यांचा शिक्षणविचार या पेचाच्या किती तरी आधीपासूनचा आणि कितीतरी खोल होता. हाताच्या कामातून बुद्धी घडते हा त्याचा कणा आजही मला पटतो. पण त्याला निकड आली ती तिजोरीतल्या खड्ड्यामुळे. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेत चार ठराव झाले: सात वर्षांचं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, हस्तोद्योग केंद्रस्थानी, आणि चौथा, ही पद्धत हळूहळू शिक्षकांचा पगार भागवू शकेल अशी अपेक्षा. पहिल्या तिघांवर फारसं कुणी भांडलं नाही. भांडण पेटलं ते चौथ्यावर. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी त्याच परिषदेत हरकत घेतली की मुलांनी केलेला माल बाजारात आला तर तो गरीब कारागिराच्या पोटावर पाय देईल. वर गायरानावरच्या बाईबद्दल मी जे म्हणालो, त्याचं हे मूळ.

त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे योजना आखणाऱ्यांनाच धास्ती होती. डॉ. झाकीर हुसेन समितीनं अहवालातच बजावून ठेवलं की अंमलबजावणीत आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक आणि सांस्कृतिक हेतूंचा बळी जाण्याचा धोका उघड आहे. सात वर्षांनी, १९४४ च्या सरकारी सार्जंट शिक्षण अहवालात हस्तोद्योगातून शिक्षणाचं तत्त्व मान्य झालं, पण मुलांनी केलेल्या वस्तू विकून शिक्षणाचा, विशेषतः खालच्या इयत्तांचा खर्च भागवावा ही अपेक्षा साफ नाकारली गेली. चरखा असो की शेळी, ती शिकवायला आली आहे की कमवायला, याचं उत्तर त्या पिढीला शेवटपर्यंत एकमुखानं देता आलं नाही. आपण मात्र एका शासन निर्णयाच्या धक्क्यानं ते देऊन मोकळे होतोय.

कुणी म्हणेल, हे जुने पुढारी उच्चवर्णीय, त्यांना शेळीचं काय कळणार. ठीक, जोतीराव फुल्यांना विचारू. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दोन्ही गोष्टी एका दमात मागितल्या. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, कारण सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो. आणि त्याच निवेदनात, खेड्यातल्या शाळेत शेतीचे धडे असावेत, प्रत्यक्ष शिकायला एक लहानसं नमुना शेतही असावं. म्हणजे शेत हवं आणि सरकारचा पैसाही हवा. शेत असलं की पैसा नको, असं फुल्यांनी म्हटलेलं नाही; त्यांचा सगळा रोख त्याच्या उलट होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात हेच दुसऱ्या बाजूनं मांडलं. शिक्षण खातं हे देण्याघेण्याच्या हिशेबानं चालवायचं खातं नव्हे, शिक्षण होता होईल तितकं स्वस्त झालं पाहिजे. स्वावलंबनाच्या नावानं या दोघांना पुढं करणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आणि जनावरं मरतात. हे वाक्य शहरातल्या नियोजनकाराला क्रूर वाटेल, शेतकऱ्याला नाही. मानमोडी आली की दोन रात्रींत खुराडं रिकामं होतं. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आजूबाजूच्या गावांतल्या घरगुती कोंबड्याही सरकारी पथकांनी मारल्या. त्या परिसरातल्या एखाद्या शाळेचं वीजबिल कोंबड्यांवर चालत असतं, तर त्या महिन्यात काय झालं असतं? म्हणून माझी कसोटी साधी आहे. शाळेची सगळी जनावरं एका रात्रीत दगावली, तर दुसऱ्या दिवशी शाळा जशीच्या तशी भरते का? भरत असेल तर जनावरं खुशाल पाळा. पोरं रडतील, शवविच्छेदन म्हणजे काय ते शिकतील, वर्षभरानं पुन्हा पिल्लं आणतील. भरत नसेल, तर शाळेचा खर्च तुम्ही एका विषाणूच्या मर्जीवर टांगला आहे.

आता दुसरा तट. ‘मुलं लेंड्या गोळा करायला येत नाहीत’ या वाक्यात एक खरी वेदना आहे, तिची टवाळी होता कामा नये. शेळ्या पाळायचा सल्ला नेमका कुणाच्या शाळेला मिळतो? पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत रोबोटिक्सची प्रयोगशाळा येते, आणि धनगरवाड्यावरच्या, आदिवासी पाड्यावरच्या शाळेला खुराडं सुचवलं जातं. ज्याच्या आजानं मेंढरं राखली, बापानं राखली, त्यानं शाळेत येऊनही तेच करायचं? २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शेळ्या घेऊन नाशिक जिल्हा परिषदेवर गेली. त्यांची शाळा बंद होऊन त्यांना दुसऱ्या शाळेत पाठवलं जात होतं. आमची दप्तरं घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, असं ती म्हणत होती. शाळा काढून घेतली की आपल्या हातात काय उरतं, हे त्या पोरांना नेमकं ठाऊक होतं. त्यांच्यापुढे उभं राहून ‘शाळेतच शेळ्या आणू’ म्हणायला धाडस लागेल. शिवाय शेड कोण झाडणार, हा प्रश्न आपल्या समाजात कधीच निरुपद्रवी नसतो. कुणी पाळी लावत नाही, तरी झाडू आपोआप ठरावीक हातांत जातो. मुली झाडतात, मुलगे वजनकाटा धरतात. विशिष्ट आडनावांची पोरं लेंड्या भरतात, बाकीची वही लिहितात.

आणि पैसा मध्ये आला की हे किती टोकाला जाऊ शकतं, याचं एक भयंकर उदाहरण चीनमधलं आहे. तिथं शाळांनी स्वतःचे उद्योग चालवून खर्च भागवावा हे धोरणच होतं. ६ मार्च २००१ रोजी जिआंगशी प्रांतातल्या फांगलिन गावच्या प्राथमिक शाळेत स्फोट झाला आणि चाळीसच्या आसपास माणसं गेली, त्यात बहुतेक लहान मुलं. शाळेचा खर्च निघावा म्हणून मुलांकडून फटाक्यांना वाती लावून घेतल्या जात होत्या, असं पालक सांगत होते. सरकार आधी एका माथेफिरूवर खापर फोडत होतं. शेळी म्हणजे फटाका नव्हे, हे मलाही कळतं. पण शाळेनं पैसा मिळवायचा आणि मुलांनी तो मिळवून द्यायचा, ही रचना दोन्हीकडे एकच आहे. आपल्याकडे २०१६ च्या बालमजुरी कायद्याच्या दुरुस्तीनं मुलाला शाळा सुटल्यावर घरच्यांना हातभार लावायची मुभा ठेवली आहे. तीसुद्धा घरासाठी. शाळेच्या तिजोरीसाठी अशी मुभा कुणी मागावी, असं मला वाटत नाही.

तरीही हा दुसरा तट एका जागी चुकतो. ‘लेंड्या’ हा शब्द तो ज्या तोंडानं उच्चारतो, त्यात त्या कामाविषयीची शिसारी असते, आणि ती थेट त्या मुलाच्या घरापर्यंत पोचते. सहावीतल्या धनगराच्या पोराला शंभर मेंढरांतलं आपलं आजारी कोकरू लांबून ओळखता येतं. शाळेत पाऊल टाकलं की या ज्ञानाला शून्य गुण. हा अन्याय नाही? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात गेली. तिथं गुरांचा तिटकारा नव्हता आणि गुरांपासून शाळेला छदामही मिळवायचा नव्हता. मुलाचं जगणं जसं आहे तिथून शिक्षण सुरू करायचं, एवढाच हेतू. पालघरच्या त्या टेकडीवर जे साधलं, ते आजच्या दोन्ही तटांना दिसत नाही, कारण एकाला शेळीत पैसा दिसतो आणि दुसऱ्याला घाण. (पिकनिकला जाऊन करडाबरोबर फोटो काढणारे याच दुसऱ्या तटावर भरपूर सापडतात, हे जाता जाता.)

बाहेरच्या जगात हे जमलंय, असं सांगताना पॅराग्वेचं नाव हमखास येतं. तिथल्या सेरिटोची शेती शाळा २००० च्या दशकात एका सामाजिक संस्थेनं चालवायला घेतली आणि काही वर्षांत दूध, चीज, अंडी, भाजी विकून स्वतःचा चालू खर्च स्वतः काढू लागली. उदाहरण खरं आहे, मोठं आहे. पण तपशील बघा. ती किशोरवयीन मुलांची निवासी शेती शाळा आहे. शेती हाच तिचा अभ्यासक्रम. मोठी जमीन, धंदा जाणणारी माणसं, अनेक उद्योग, वर चक्क एक हॉटेल. चौथीपर्यंतच्या, दोन शिक्षकांच्या, दहा गुंठ्यांतल्या जिल्हा परिषद शाळेला तिचा दाखला देणं म्हणजे कृषी महाविद्यालयाचं अंदाजपत्रक अंगणवाडीला लावणं. उलट बाजूला टांझानिया आहे. तिथले अध्यक्ष ज्युलियस न्यरेरे यांनी १९६७ मध्ये स्वावलंबनासाठी शिक्षणाचं धोरण मांडलं, प्रत्येक शाळेला शेत जोडलं, शाळेनं आपल्या पोटाचा काही भाग स्वतः उचलावा म्हटलं. कल्पना उदात्त होती. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी शेतावरचं काम अभ्यासापासून तुटलं, नुसती कुदळ उरली आणि मुलांना ती शिक्षा वाटू लागली. शिक्षकानं त्या कामातून काय शिकवायचं हे ठरलंच नव्हतं. पीक किती आलं एवढंच मोजलं जात होतं.

मग करायचं काय? शाळेला पैसा लागतो, तो येत नाही, हे तर खोटं नाही. समग्र शिक्षा अभियानातून तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं १०,००० रुपये. त्यात खडू, दुरुस्ती, स्वच्छता, वीज, सगळं बसवायचं. मुख्याध्यापक खिशातून घालतात, गावात वर्गणी मागतात. अशा माणसाला ‘तत्त्व सांभाळ, शेळी पाळू नको’ म्हणून सांगण्यात काय अर्थ, हा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो. माझं उत्तर एवढंच की शेळीनं त्याचा प्रश्न सुटत नाही. वर वही मांडली ती त्यासाठीच. तो अंकगणितानं सुटत नसताना त्यानं तो सोडवल्याचं चित्र उभं राहिलं, तर मंत्रालयातला माणूस तेच चित्र पुढच्या वर्षी सगळ्या शाळांना दाखवेल. ‘अमुक गावाला जमतं, तुम्हाला का नाही?’ अंड्यांच्या बाबतीत आज हेच चाललं आहे. इतर राज्यांनी काय केलं? तमिळनाडूत मुलांना आठवड्याला पाच अंडी मिळतात, आणि ती मिळावीत म्हणून तिथल्या शाळा खुराडी झाडत नाहीत. सरकार ती विकत घेतं.

विकत घेणं, हाच मला दिसणारा रस्ता आहे. शाळेनं कोंबडीपालक होण्यापेक्षा गिऱ्हाईक व्हावं. अंड्याचे पैसे सरकारनं पुन्हा द्यावेत, चालू बाजारभावानं द्यावेत, आणि शाळेनं ती अंडी गावातल्याच बचत गटाच्या बायकांकडून घ्यावीत. पंचवीस कोंबड्यांचं खुराडं त्या बाईच्या परसात असेल. मे महिन्यात दाणा कोण टाकणार हा प्रश्न उरत नाही, कारण ती तिथंच राहते. तिची मजुरी अंड्याच्या भावात धरलेली असेल. मुलांनी आठवड्यातून एक दुपार तिच्याकडे जावं, अंडी मोजावीत, खाद्याचा हिशेब लिहावा, लस टोचताना डॉक्टरांना मदत करावी, आणि गावातली एक अडाणी समजली जाणारी बाई आपल्याला शिकवू शकते हेही बघावं. याला अडचणी आहेत. अंडी ताजी आहेत का, भाव कोण ठरवणार, सरपंचाच्या भावजयीच्याच गटाला काम गेलं तर काय? गेलं तर ग्रामसभेत बोलता येईल. खरेदीची पावती असते, फुकट राबण्याची नसते.

आणि शाळेच्या आवारात जनावरं हवीतच असतील, तर मोजकी हवीत: दोन शेळ्या, चार-सहा कोंबड्या. वरच्या वर्गातल्या मुलांकडे त्यांची निगा, मुलगे आणि मुली मिळून, झाडूची पाळी भिंतीवर लिहिलेली, सुटीसाठी पगारी माणूस आणि त्याचा पगार शाळेच्या अनुदानात. करडू विकायचं की नाही, विकलं तर ते खाटकाकडेच जाणार हे मुलांना आधी सांगायचं की नाही, यावर मुलांसमोर मोकळी चर्चा व्हावी. खेड्यातल्या मुलांना हे सत्य आपल्यापेक्षा आधी माहीत असतं, लपवाछपवी आपणच करतो. आलेल्या पैशातून वीजबिल भरायचं नाही, शिक्षकाचं मानधन द्यायचं नाही. तो मुलांच्या नावानं वेगळा ठेवायचा आणि त्याचं काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं. त्यांना सहल काढायची असेल तर सहल, पुस्तकं हवी असतील तर पुस्तकं. आणखी एक पाट घ्यावीशी वाटली, तर तिच्यासाठी गुराख्याची मजुरी कुठून आणणार, हे आधी वहीत लिहून दाखवायला सांगायचं.